रानमामांची हरवलेली शांतता

१

संचालकांनी फोनवर सांगितलं, "आमच्याकडची शांतता चोरीला गेली आहे."

मी म्हटलं, आमच्या बिल्डिंगमधली तर केव्हाच गेली, पण आम्ही कधी तक्रार केली नाही. ते हसले नाहीत. तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे, कारण एरवी हा माणूस पाहुण्यांच्या फालतू विनोदांनाही मान डोलावून हसतो.

मी विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायचे. कोणाचं गोदाम खरंच जळलं आणि कोणी काडी लावली, हे हुंगून काढायचं काम. निवृत्त झाल्यापासून लोक मला खासगीत बोलावतात. विशेषतः ज्यांना पोलीस नको असतात, आणि वर्तमानपत्रं त्याहून नको असतात, असे लोक.

या संस्थेला वर्तमानपत्रं नको होती कारण ती रानमामांची संस्था होती. रानमामा कोण, हे माझ्या वयाच्या माणसाला विचाराल तर तो तुम्हालाच वेडं समजेल. रविवारी सकाळी त्यांचा कार्यक्रम लागला की आमच्या घरात कोणी नळसुद्धा सोडायचं नाही. दबका, जाड, अगदी कानाशी येऊन बोलल्यासारखा आवाज. अजगराला ते 'आमचे आळशी काका' म्हणायचे आणि घुबडाला 'रात्रपाळीचे मास्तर'. त्या आवाजाने किती मुलांना झाडावर चढवलं आणि किती जणांना प्राणिशास्त्राच्या वर्गात नेऊन बसवलं, याची गणती नाही. त्यांची नक्कल करत हातात साप धरणारी आणि दवाखान्यात जाणारी मुलंही कमी नव्हती, आणि त्याबद्दल मामा कधी अवाक्षर बोलले नाहीत. हेही तेवढंच खरं.

पण त्यांचं नाव अजरामर झालं ते लांडगिणीमुळे. खडकाळ डोंगरउतारावर रानमामा मांडी घालून बसलेत. वरून एक रानटी लांडगीण उतरून येते, थबकते, पुन्हा चालू लागते, आणि त्यांच्या पसरलेल्या तळहातावर आपलं तोंड टेकते. त्याआधी लांडगा म्हणजे मारायची वस्तू होती, मारणाऱ्याला सरकारातून बक्षीस मिळायचं. ते दृश्य दाखवल्यावर देश रडला. बक्षीस बंद झालं, कायदा बदलला, आणि संपत आलेले लांडगे पुन्हा त्या डोंगरात नांदू लागले. एका माणसाच्या एका तळहाताने हे केलं.

मामांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या नावाचं दालन येत्या रविवारी उघडायचं होतं. त्यात भिंतभर पडद्यावर ते दृश्य दिसणार होतं, आणि सोबत मूळ ध्वनिफितीवरचा आवाज, म्हणजे मामांचं निवेदन आणि संगीत काढून टाकल्यावर उरलेलं नुसतं रान. ती फीत आजवर कोणी वाजवली नव्हती. तिच्यावर साउंड रेकॉर्डिस्टच्या अक्षरात लिहिलं होतं, 'लांडगीण, आवाज आणि शांतता'. तीच नाहीशी झाली होती.

संशय कोणावर, असं मी विचारलं. संचालकांनी घसा खाकरला. संग्रहाची किल्ली मामांच्या मुलीकडे असते, जिला घरीदारी सगळे धाकटी म्हणतात, असं ते म्हणाले. रविवारपर्यंत फीत मिळाली नाही तर विश्वस्त तिला कामावरून काढणार होते, आणि तेही वडिलांची वस्तू नष्ट केल्याचा ठपका ठेवून.

"तिने का केलं असेल?" मी विचारलं.

"तिने एका मुलाखतीत सांगितलं होतं," संचालक म्हणाले, "की बाबांना रानातल्या प्रत्येक पिल्लाची जन्मवेळ पाठ होती, आणि मी कितवीत आहे ते ठाऊक नव्हतं."

२

फिती ठेवायची खोली फ्रिजसारखी थंड असते. बाहेर उन्हाने अंगाची लाही होत असताना धाकटी आत लोकरी स्वेटर घालून उभी होती. चाळिशीची बाई, वडिलांसारखंच रुंद कपाळ, पण आवाज अगदी उलटा, पातळ आणि तुटक. मला पाहून तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे हातात सुती मोजे दिले. फितींना घाम चालत नाही, म्हणाली.

कप्प्यात चित्राचं रीळ जागच्या जागी होतं. त्याच्या शेजारची ध्वनिफीत तेवढी गेली होती. मला हे पहिल्यापासून खटकलं. एवढं गाजलेलं चित्र सोडून आवाज कोण नेईल?

मी आडवळणं न घेता विचारलं, फीत तू घेतलीस का. तिने मान वर केली.

"घेतली असती तर सांगून घेतली असती. बाबांशी मी सगळी भांडणं तोंडावर केली, पाठीमागून एकही नाही."

किल्ल्यांचे दोन जुडगे होते. एक तिच्या कमरेला, दुसरा घरी, दारामागच्या खिळ्याला. घरी आई आणि ती, दोघीच. आईला मात्र यात ओढू नका, असं तिने मला बजावलं, कारण बाबा गेल्यापासून ती नीट जेवत नाही की झोपत नाही. फीत गेली त्या दिवशी सकाळी धाकटीने ती कप्प्यात पाहिली होती, मग दुपारपर्यंत ती संचालकांबरोबर दालनाच्या बैठकीत होती. बैठक लांबली, ती भुकेने कळवळून बाहेर आली, कँटीनमध्ये उरलेला थंड पाव कसाबसा गिळला आणि फीत आणायला आत गेली, तर जागा रिकामी.

कुलूप शाबूत होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. पल्लेदार मिशांचा, छाती पुढे काढून बोलणारा गडी. त्याने शपथेवर सांगितलं की त्या सकाळी बाहेरचं कोणीही आत आलं नाही. मामांचे जुने कॅमेरामन आले तरी तो त्यांच्याकडे पास मागतो, आणि ते त्याला शिव्या घालतात.

म्हणजे उरले संचालक आणि धाकटी. संचालकांनी अख्खं दालन त्या फितीभोवती बांधलं होतं, ते स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतील? बोट सरळ धाकटीकडे जात होतं. इतकं सरळ की मला त्याचाच संशय आला.

मी पुन्हा त्या कप्प्याजवळ गेले. फीत काढल्यावर शेजारच्या फिती कलंडून पडू नयेत म्हणून रिकाम्या जागेत कोणीतरी पुठ्ठ्याची घडी खोचली होती. धाकटीने ती खोचली नव्हती, तिला तर ती मी दाखवेपर्यंत दिसलीही नव्हती.

ज्याला फितीचा राग आहे तो पुठ्ठे खोचत बसत नाही. ही फीत कोणी नष्ट करायला नेली नव्हती. ती जपायला नेली होती.

३

मामांचं पथक तिघांचं होतं आणि नावं मामांनीच ठेवलेली. कॅमेरामन म्हणजे डोळा, साउंड रेकॉर्डिस्ट म्हणजे कान, आणि स्वतः मामा म्हणजे तोंड. पंचवीस-तीस वर्षं हे तिघे एका जीपमधून रानोमाळ हिंडले. आता तोंड गेलं होतं, डोळ्याला मोतीबिंदू झाला होता आणि कानाला ऐकू कमी येत होतं. निसर्गालाही विनोदबुद्धी असते म्हणायची.

डोळा दालनातच भेटले. पडद्यावरचा उजेड-अंधार जुळवून द्यायला संस्थेने त्यांना बोलावलं होतं. काटकुळे, तिरसट म्हातारे. मी चौकशीला आलेय म्हटल्यावर त्यांनी बटण दाबलं आणि समोरची भिंत उजळली.

मी ते दृश्य शंभरदा पाहिलं असेल, पण घरच्या चौकोनी टीव्हीवर. इथे लांडगीण माझ्याहून मोठी होती. तिच्या मिश्यांवरचं दव दिसत होतं. तिने पुढचं पाऊल उचललं आणि खाली ठेवायच्या आधी हवेत जरासं धरलं, तेव्हा मीही श्वास धरला. एवढं देखणं जनावर आणि एवढा धीर. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, अंधार होता.

मग सवयीने माझं नाक जागं झालं. मी पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा.

टीव्हीवर वाटायचं की लांडगीण मामांच्या डोळ्यांत बघत येते. इथे भिंतभर पडद्यावर स्पष्ट दिसत होतं की ती मामांकडे बघतच नाही. ती बघते कॅमेऱ्याच्या उजव्या बाजूला. आणि तिच्या मानेवर केसांची एक बारीक ओळ चपटी झालेली होती. माझ्याकडे कुत्रा होता. पट्टा काढला की बरेच दिवस मानेवर तशी ओळ राहते.

तरुणपणापासून ज्यावर विश्वास ठेवला ते पायाखालून सरकताना कसं वाटतं, ते मला त्या अंधारात कळलं. मी डोळ्यांना विचारलं, ही लांडगीण पाळलेली होती का?

ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "बाई, चौकट मी ठरवली. चौकटीत जे आहे त्याचा जाब मला विचारा. चौकटीच्या बाहेरचं मला विचारू नका."

तरी मी विचारलं, त्या वेळी कोण कुठे उभं होतं. त्यांनी टेबलावरच्या धुळीत बोटाने काढून दाखवलं. हा कॅमेरा. डावीकडे कान, हातात लांब काठीचा माईक. जीप खाली रस्त्यावर.

"आणि उजवीकडे?"

"झुडूप."

मी पडद्याकडे पाहिलं. लांडगिणीचे कान पुढे झुकले होते आणि शेपटीचं टोक हळूच हलत होतं. झुडूप पाहून कोणाची शेपटी हलत नाही.

४

कान शहराच्या टोकाला एका लहान फ्लॅटमध्ये राहायचे. दार त्यांच्या सुनेने उघडलं आणि मोठ्याने बोला म्हणून सांगितलं. मी कोण ते कळल्यावर म्हातारा खूश झाला.

"म्हणजे तुम्ही नाक," ते म्हणाले. "आमच्यात तेवढंच कमी होतं."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, की फितीवर शांतता लिहिलंय, ती काय भानगड आहे. शांतता कोणी टेप करतं का?

अडाण्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग मायेने समजावलं. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. डोंगराची वेगळी, तळ्याकाठची वेगळी, या खोलीची वेगळी. चित्रपट जोडताना आवाजात फटी पडतात, त्या त्याच जागेच्या शांततेने बुजवाव्या लागतात, नाहीतर ऐकणाऱ्याला कापलेलं कळतं. म्हणून काम संपलं की निघण्याआधी ते सगळ्यांना जागच्या जागी उभं करायचे आणि थोडा वेळ नुसती शांतता घ्यायचे. त्या वेळी कोणी हलायचं नाही, खोकायचं नाही. कॅमेरासुद्धा बंद, कारण तो घरघरतो.

"कॅमेरा बंद," मी म्हटलं. "म्हणजे शांतता घेताना काही घडलं, तर ते चित्रात येणार नाही."

"नाही येणार."

"आणि घडलं."

कान म्हणाले की त्यांनी मामांना शब्द दिला होता, मामा गेले म्हणून शब्द जात नाही. एवढंच सांगतो, की त्या दिवशी त्यांच्या कानांत जे आलं त्यानंतर परमेश्वराने कान काढून घेतले तरी त्यांची तक्रार नव्हती.

मग त्यांनी माझा हात धरला. फीत गेली कशी, फाडली की जाळली, असं घाबरत विचारलं. मी त्यांना पुठ्ठ्याच्या घडीबद्दल सांगितलं. शेजारच्या फिती पडू नयेत म्हणून चोराने घेतलेली काळजी सांगितली.

म्हाताऱ्याचा चेहरा निवळला. "मग काळजी नाही," ते म्हणाले. "आपल्याच माणसाकडे आहे."

कोणाकडे, असं मी दोनदा मोठ्याने विचारलं. त्यांनी कानावर हात ठेवून ऐकू येत नसल्याची खूण केली. बहिरेपणाचा असा सोयीस्कर उपयोग मी आधीही पाहिला होता.

टॅक्सीत बसल्यावर तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. आपलं माणूस. पहारेकऱ्याने मला काय सांगितलं होतं? कोणी आलं नाही, असं तो म्हणाला नव्हता. बाहेरचं कोणी आलं नाही, असं म्हणाला होता. मी टॅक्सी वळवायला सांगितली.

५

"त्या सकाळी आपल्यापैकी कोण कोण आलं होतं?" मी पहारेकऱ्याला विचारलं.

"आपल्यापैकी होय?" त्याने मिशीवरून हात फिरवला. झाडूवाल्या, माळी, संचालकांचा ड्रायव्हर. आणि मामी आल्या होत्या, धाकट्या ताईंचा डबा घेऊन. मामींचं काय सांगायचं, त्या तर घरच्या, त्यांची नोंद केली तर लोक त्याच्या तोंडात शेण घालतील.

मी तिथल्याच बाकावर बसले. डबा आत आला होता. धाकटीने मात्र त्या दिवशी थंड पाव गिळला होता. डबा घेऊन आलेली आई मुलीला न भेटताच परत गेली, आणि मुलीला त्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे पिशवी आत जाताना रिकामी होती आणि बाहेर येताना भरलेली. घरच्या खिळ्यावरचा जुडगा, घरचं माणूस, आणि मुलीच्या तोंडून वर्षानुवर्षं फितींची काळजी ऐकल्यामुळे पुठ्ठा खोचणारा हात. कॅमेऱ्याच्या उजवीकडच्या झुडपाचंही मला आता कोडं उरलं नव्हतं. रानटी जनावर कोणाच्या हातावर तोंड टेकेल न टेकेल, पण वाढवणारी समोर उभी असली की लांडगीणही शेपूट हलवते.

मामींनी दार उघडलं आणि माझ्याकडे पाहून नुसत्या बाजूला झाल्या. ठेंगणी, गोरी, साडीच्या निऱ्या ठाकठीक असलेली बाई. मी त्यांना सगळं सांगितलं, कसं कळलं तेही. शेवटी म्हणाल्या, "चहा टाकते," आणि स्वयंपाकघरात गेल्या. मीही मागोमाग गेले.

चहा उकळत असताना त्या बोलल्या. शिकाऱ्यांनी बिळातली मादी मारली होती. मामांना एक पिल्लू जिवंत सापडलं, ते कोटाच्या आत घालून घरी आणलं. धाकटी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. शेजाऱ्यांना सांगितलं कुत्रा आहे, आणि धाकटीलाही तेच सांगितलं. दोघी एका चटईवर झोपायच्या. मामी दोघींना एकाच हाकेने बोलवायच्या आणि दोघी धावत यायच्या. मग पिल्लू मोठं झालं, डोंगराकडे तोंड करून बसायला लागलं, खाईना. तिला सोडायचं ठरलं.

मामा त्या डोंगरात अख्खा हंगाम ठाण मांडून बसले होते आणि रानटी लांडग्यांनी त्यांना शेपटीचं टोकही दाखवलं नव्हतं. बक्षीस घेणारे मात्र रोज येत होते. सोडायच्या आधी एकदाच, मामा म्हणाले होते. एकदा लोकांना दाखवू दे, मग ती तिची. मामींनी पट्टा काढला आणि झुडपामागून हाक मारली.

"आणि शांतता घेताना काय झालं?"

"ते सांगायचं नसतं. ऐकायचं असतं."

मी विचारलं, मग फीत का नेली? त्यांनी गॅस बंद केला. मामांचं खोटं उघडं पडलं तर लोक म्हणतील सगळंच खोटं होतं, आणि लांडग्यांच्या जिवावर उठणारे अजून आहेत, अशी भीती होती. पण ती अर्धीच भीती होती. उरलेली अर्धी धाकटीबद्दलची होती.

मामा-मामी डोंगरावरून परतल्यावर पोरगी आपला कुत्रा शोधत घरभर फिरली. मामांना तिला खरं सांगता येईना. लहान मूल, कुठेतरी बोलून बसेल. त्यांनी सांगितलं की तू फाटक उघडं टाकलंस, म्हणून ती पळून गेली. मामी शेजारी उभ्या होत्या, आणि गप्प राहिल्या.

"ती रडली नाही," मामी म्हणाल्या. "फक्त तेव्हापासून रोज झोपायच्या आधी उठून फाटकाची कडी बघायची. अजून बघते. आज कुलपांची नोकरी करते, ती काय उगाच?"

तरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "मामी, तेव्हा तुम्ही गप्प राहिलात आणि दोष तिच्यावर गेला. आताही तुम्ही गप्प आहात आणि दोष तिच्यावरच जातोय. रविवारी तिला काढतील. या वेळी ती लहानही नाही."

मामींनी फ्रिज उघडला, खालच्या खणातली भाजी बाजूला केली आणि डब्याची पिशवी बाहेर काढली. फिती थंड ठेवायच्या असतात असं मुलीने सांगितलं होतं, म्हणून त्यांनी ती तिथे ठेवली होती. ज्या वस्तूसाठी धाकटीची झोप उडाली होती, तिच्याच शेजारून ती रोज सकाळी फ्रिजमधलं दूध घेत होती.

६

फीत मामींनी स्वतः धाकटीच्या हातात दिली, संस्थेत, संचालकांच्या देखत, आणि 'मीच नेली होती' एवढंच सांगितलं. का ते फीत ऐकल्यावर सांगेन, म्हणाल्या. धाकटी आईकडे बघत राहिली, पण तिने आधी आपलं काम केलं. थंडीतून आलेली फीत लगेच वाजवली तर तिला पाणी सुटतं. तिने ती एक दिवस उबेला ठेवली.

दुसऱ्या दिवशी ऐकायच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. डोळा भिंतीला टेकून उभे. कानांनी खुर्ची ओढून स्पीकरला चिकटवली आणि त्याच्यावर तळहात ठेवला, ऐकू आलं नाही तरी कळावं म्हणून. धाकटीने मोजे घातले, फीत लावली आणि बटण दाबलं.

आधी कॅमेऱ्याची घरघर. मग अगदी जवळून, तरण्या आवाजात मामींची हाक. "ये गं पोरी. ये."

धाकटीचा हात यंत्रावरच थांबला. तिने ती हाक ओळखली, ओळखणारच, ती तिचीच होती. खड्यांवर पावलं वाजली. नाकाने हुंगल्याचा आवाज आला, मामांचा श्वास आला. डोळ्यांनी 'कट' म्हटलं. घरघर थांबली. मग कानांचा आवाज, "शांतता घेतोय. कोणी हलू नका."

आणि कोणी हलेना. त्या डोंगरावर नाही, आणि या खोलीतही नाही.

वारा होता. गवत होतं. मग लांडगीण बारीकशी कण्हली, दाराशी अडलेलं मूल कण्हतं तशी. आणि दूर, फार दूर, कोणीतरी साद घातली. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. एक लांब, चढत गेलेला सूर, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा, आणि मग अख्खा डोंगर गाऊ लागला. ज्या लांडग्यांनी हंगामभर मामांना तोंड दाखवलं नव्हतं ते तिच्यासाठी आले होते. सूर जवळ आले. इतके जवळ की त्यांच्यामधला श्वास ऐकू येत होता, त्या चार माणसांच्या भोवती ते उभे असणार, आणि कॅमेरा बंद होता. मग आमची लांडगीण गायली. आधी तिचा आवाज फाटला, तिला कोणी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्यांदा लागला. खडे उडाले, बरीच पावलं एकदम धावली, चढावर गेली, विरली. मागे फक्त वारा राहिला.

मी आयुष्यात एवढं मोठं काही ऐकलेलं नाही. ज्या माणसाने मुंगीवरसुद्धा निवेदन केलं, त्याने यातल्या कशावरही एक शब्द उच्चारला नव्हता. त्याच्या हाताशी जगातलं सगळ्यात खरं दृश्य आलं होतं, आणि ते सांगायचं तर आधीचं खोटं सांगावं लागलं असतं, म्हणून त्याने ते कधीच कोणाला सांगितलं नाही. मला त्याची कीव आली आणि त्याच्यापुढे हात जोडावेसेही वाटले.

फीत संपली असं वाटत होतं, तेवढ्यात तो आवाज आला. जाड, दबका, सगळ्या देशाच्या ओळखीचा, पण पार मोडलेला.

"आता घरी पोरीला काय सांगायचं?"

फीत तिथे थांबली.

कानांनी स्पीकरवरचा हात काढला नव्हता. शेवटी संचालकांनी दबकत विचारलं, हे दालनात लावायचं का. धाकटी म्हणाली, चित्र लावायचं आणि फीतही लावायची, दोन्ही पूर्ण, आणि लांडगीण आमच्या घरी वाढली होती हे दारातच लिहायचं. लोकांना जे वाटायचं ते वाटू दे. डोळा म्हणाले, चौकट माझी होती हेही लिहा. विश्वस्तांना काय सांगायचं, अशी कुजबुज संचालकांनी माझ्याजवळ केली. मी म्हटलं, चोरी झालीच नाही, घरची वस्तू घरी होती. त्यांना ते आवडलं.

"निदान शेवटचं वाक्य तरी कापू या," ते धाकटीला म्हणाले. "ते घरगुती आहे."

तिने मान हलवली. हातातले मोजे एकेक करून काढले, खुर्ची उचलली आणि आईच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी मांडून बसली.

"काय सांगायचं होतं, आई? आता सांग."

मामींनी तिचे दोन्ही हात धरले.

"तू फाटक उघडं टाकलं नव्हतंस, पोरी," त्या म्हणाल्या.